पाकळी अजून हवेत आहे

रिलीजची रात्र होती. पुण्यात साडेआठ, म्हणजे फुकुओकात बारा. क्लायंटकडच्या ज्या बाईंबरोबर मी दीड वर्ष काम करत होतो, त्यांना मी चॅटवर विचारलं, की डेटा मायग्रेशनचं कुठवर आलंय? त्यांना मी सेन्पाई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. सेन्पाईंचं उत्तर आलं: "इमा, इकोऽ शियोऽ." इमा म्हणजे आत्ता. इकोऽ म्हणजे स्थलांतर, आमच्या धंद्यात मायग्रेशन. आणि शियोऽ म्हणजे 'करू या'. निदान पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात मी जे जपानी शिकलो, त्यात तरी. मी 'हाय' लिहिलं आणि माझ्या बाजूने स्क्रिप्ट सुरू केली.

त्यांची स्क्रिप्ट आधीच चालू होती. त्या म्हणत होत्या, 'आत्ता करतेय'.

पुढचे तीन तास आम्ही दोघं एकाच टेबलात दोनदा शिरलेल्या ओळी वेचत बसलो. दुसऱ्या दिवशी सेन्पाईंनी माफी मागितली. घाईत 'होगेन' निसटली, म्हणाल्या. होगेन म्हणजे बोली. आमच्या मॅनेजरने सगळ्यांना मेल टाकली, की यापुढे स्टेटस फक्त प्रमाण जपानीत लिहायचं. मीही मान डोलावली. पण ते 'शियोऽ' डोक्यातून जाईना. चूक कोणाची, हा प्रश्न नव्हता. चूक माझीच होती, मी परत विचारायला हवं होतं. प्रश्न वेगळा होता. 'करतोय' यासाठी माझ्या पुस्तकात एक रूप आहे. मग फुकुओकाच्या माणसाला वेगळं रूप कशाला लागतं?

त्याचं उत्तर शोधताना मला माझ्या पुस्तकाबद्दल, माझ्या आवडत्या एका सिनेमाबद्दल आणि थोडं माझ्याबद्दलही मत बदलावं लागलं.

एक फ्लॅग, दोन अवस्था

पुण्यात जपानी शिकलेल्या बहुतेकांच्या कपाटात 'मिन्ना नो निहोन्गो' असतं. त्यात 'ते इरु' हे रूप चौदाव्या धड्यात भेटतं. क्रियापदाचं 'ते' रूप घ्या, पुढे 'असणे' या अर्थाचं 'इरु' लावा, झालं चालू वर्तमान. 'ताबेते इरु', खातोय. 'फुत्ते इरु', पाऊस पडतोय. सोपं वाटतं. पंधराव्या धड्यात तेच रूप परत येतं, पण आता त्याचा अर्थ असतो 'लग्न झालेलं आहे', 'मुंबईत राहतो'. एकोणतिसाव्या धड्यात ते तिसऱ्यांदा येतं, आणि आता दार बंद झालेलं असतं, काच फुटलेली असते. कपडे तेच, माणूस दर वेळी दुसरा.

म्हणजे 'ते इरु' दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतं. एक, काम चालू आहे. दोन, काम होऊन गेलंय आणि त्याचा परिणाम समोर उरलाय. कुठला अर्थ घ्यायचा ते क्रियापद पाहून ठरवायचं. 'ताबेते इरु' म्हणजे खातोय, पण 'शिन्दे इरु' म्हणजे मरतोय नव्हे, मेलाय. वर्गात एका मुलाने फिशटँकमधल्या आजारी माशाबद्दल काळजीने 'शिन्दे इरु' म्हटलं, तेव्हा शिक्षिकेने थेट सांत्वन केलं होतं. 'किमोनो ओ किते इरु' म्हटलं तर ती किमोनो घालतेय की घातलाय, हे वाक्यावरून कळत नाही. खोलीत डोकावून पाहावं लागतं.

भाषाशास्त्रज्ञ किन्दाइची हारुहिको यांनी 1950 साली याच रूपाचा आधार घेऊन जपानी क्रियापदांचे चार गट पाडले. 'ते इरु' लागलं की चालू क्रिया दाखवणारी एका गटात, लागलं की परिणाम दाखवणारी दुसऱ्या गटात. ज्यांना ते लागतच नाही ती आणि ज्यांना ते कायम चिकटलेलंच असतं ती उरलेल्या दोन गटांत. जपानी व्याकरणाच्या अभ्यासात ही वर्गवारी पायाची मानतात, आणि योग्यच आहे. यात 'मरणे' हे क्षणात घडणाऱ्या क्रियांमध्ये जातं. क्षणात घडतं, म्हणून त्याला 'चालू' असं काही नाही.

मी कोड लिहिणारा माणूस. एकाच फ्लॅगमध्ये 'चालू' आणि 'पूर्ण' या दोन्ही अवस्था ठेवलेल्या मला कोणी दाखवल्या, तर मी तो कोड परत पाठवीन. अर्थात भाषा म्हणजे कोड नव्हे, आणि टोकियोची माणसं काही अडून राहत नाहीत. संदर्भ आहे, 'आत्ता' आहे, 'आधीच' आहे, नेमकं सांगायच्या इतर रचना आहेत. ऑफिसात तर त्यांनी दोन शिक्केच करून ठेवलेत: चालू कामाला शेवटी 'चू' आणि झालेल्याला 'झुमि'. इकोऽ-चू म्हणजे मायग्रेशन सुरू आहे, इकोऽ-झुमि म्हणजे झालं. मॅनेजरच्या मेलनंतर आम्ही हेच शिक्के वापरायला लागलो. गंमत म्हणजे, ज्या कामासाठी प्रमाण भाषेला हे शिक्के लागतात, ते सेन्पाईंची बोली क्रियापदाच्या शेपटीतच उरकते.

ओरु नावाचं क्रियापद

जपानचे बोलीच्या दृष्टीने ढोबळ दोन भाग पडतात, पूर्व आणि पश्चिम. माणूस किंवा प्राणी 'आहे' म्हणायला पूर्वेत 'इरु' म्हणतात आणि पश्चिमेत 'ओरु'. टोकियोत 'ओरु' उरलंय ते मुख्यतः नम्रपणे बोलताना, 'ओरिमासु' म्हणून. पश्चिमेत मात्र ते रोजचं आहे, आणि त्याच्यापासून दोन रूपं तयार झाली आहेत.

पहिलं रूप: क्रियापदाच्या धातूला सरळ 'ओरु' जोडायचं. फुरि अधिक ओरु, 'फुरियोरु'. पाऊस पडतोय, बाहेर बघा.

दुसरं रूप: आधी 'ते' रूप, मग 'ओरु'. फुत्ते अधिक ओरु, 'फुत्तोरु'. पाऊस पडलाय, रस्ता ओला आहे. आत्ता कदाचित थांबलाही असेल.

मराठी माणसाला यात काय नवल? आपण हेच तर करतो. 'पडतो' आणि 'आहे' मिळून 'पडतोय'. 'पडला' आणि 'आहे' मिळून 'पडलाय'. मरतोय, मेलाय. बसतोय, बसलाय. जोडून जोडून झिजलेली, जिभेवर सहज बसणारी दोन रूपं. मी दोन वर्षं फ्लॅशकार्डं घासून जो गोंधळ पचवला होता, तो पश्चिम जपानच्या जमिनीवर मुळात नव्हताच. तिथलं व्याकरण मला घरून येत होतं.

ही दोन रूपं गावोगाव झिजून निराळी झालीत. हिरोशिमा-ओकायामाकडे 'शियोरु'चं 'श्योऽरु' होतं. शिकोकूतल्या कोचीत जोडी आहे 'शियूऽ' आणि 'शिचूऽ'. आणि फुकुओकात शेवटचा 'रु' गळून 'शियोऽ' आणि 'शितोऽ'. माझा घात इथेच झाला. प्रमाण जपानीत 'शियोऽ' म्हणजे 'करू या'. फुकुओकात, बोलण्याच्या ओघात, तेच 'करतेय'. तोंडी ऐकलं असतं तर सूर आणि संदर्भ यांवरून कदाचित कळलं असतं. चॅटवर अक्षरं अगदी तीच.

फुकुओकातल्या दुसऱ्या रूपाचा एक विनोद तिथे सगळ्यांना पाठ असतो. 'तोरु' म्हणजे घेणे, राखणे. त्याचं झालेलं रूप 'तोत्तोऽ', आणि पुढे बोलीतला 'तो'. त्यामुळे ट्रेनमध्ये 'ही जागा धरलेली आहे का?' असं विचारायचं तर 'तोत्तोऽतो?' आणि 'हो, धरलीय' म्हणायचं तर 'तोत्तोऽतो'. परक्याला कोंबड्यांचा संवाद वाटेल. पण आत पाहिलं तर व्याकरण अगदी चोख आहे: जागा धरण्याची क्रिया संपलीय, तिचा परिणाम, म्हणजे सीटवरचा रुमाल, समोर आहे.

जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने 1989 ते 2006 या काळात बोलींच्या व्याकरणाचा सहा खंडांचा नकाशासंग्रह काढला. त्यात चेरीच्या पाकळ्या गळण्याला दोन स्वतंत्र नकाशे दिलेत. एक, पाकळ्या गळतायत तेव्हाचा. दुसरा, गळून पडल्यायत तेव्हाचा. प्रमाण भाषेत दोन्हींना 'चित्ते इरु'. पश्चिमेत पाकळी हवेत असेल तर 'चिरियोरु', जमिनीवर असेल तर 'चित्तोरु'. साकुराच्या गळण्यावर ज्या देशाने शतकानुशतकं कविता केल्या, त्या देशाच्या पाठ्यपुस्तकी भाषेला हवेतली पाकळी आणि मातीतली पाकळी एकाच रूपात सांगावी लागते. आणि ज्या भाषेला गावंढळ म्हणतात, तिला हा फरक लहानपणापासून येतो.

मरतोय, पण मेला नाही

शिकोकूच्या पश्चिम किनाऱ्यावर उवाजिमा नावाचं गाव आहे. तिथल्या बोलीतल्या या जोडीवर कुदो मायुमी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बारकाईने काम केलंय. अशा बोलींतून पाहिलं, की किन्दाइचींच्या गटांचं स्वरूप वेगळं दिसायला लागतं. 'मरणे क्षणात घडतं, म्हणून त्याला चालू रूप नाही' हा नियम टोकियोच्या 'ते इरु'बद्दल खरा आहे. मरणाबद्दल तो काही सांगत नाही. पश्चिमेत 'शिनियोरु' म्हणतात. मासा तडफडतोय, मरतोय, अजून पाणी बदललं तर वाचेल. आणि 'शिन्दोरु' म्हणजे मेलाय, आता नुसता काढून टाकायचा. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात किरकोळ वाटेल. माशाला तो किरकोळ नाही.

'योरु'ची आणखी एक छटा आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. शिकोकू, क्यूशू, हिरोशिमा अशा बऱ्याच ठिकाणच्या बोलीत 'ओचियोत्ता' म्हणजे 'पडलो होतो' नव्हे, तर 'पडणारच होतो'. जिन्यावर पाय घसरला, कठडा हाती लागला, छाती धडधडतेय, तेव्हा म्हणायचं 'ओचियोत्ता'. आपली आजी ओट्याशी घसरता घसरता सावरली की काय म्हणते? "पडत होते बाई आत्ता!" पडली नाही. पण पडण्याच्या वाटेवर होती, आणि ती वाट म्हणजेच क्रिया. जी गोष्ट घडण्याच्या उंबरठ्यावर आहे, तिलाही 'चालू' मानायचं, हे दोन्ही भाषांना आपापलं सुचलंय.

हे सगळं इतकं नीटनेटकं कुठेच नसतं, हेही सांगायला हवं. ओसाका-क्योतोत 'योरु'चा अर्थ बदललाय; तिथे ते तिसऱ्या माणसाबद्दल जरा तुच्छतेने बोलायला वापरतात, 'करतोय बघ मेला' या चालीवर. आणि फुकुओकासारख्या शहरांत 'तोऽ' हे रूप दोन्ही अर्थांनी पसरतंय, 'काय करतेयस?' म्हणताना 'नानि शितोऽ तो?' सर्रास ऐकू येतं. उलटं होत नाही. झालेल्या गोष्टीला 'शियोऽ' कोणी म्हणत नाही. सेन्पाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या आईच्या बोलण्यात भिंत पक्की आहे, त्यांच्या बोलण्यात दार आहे, आणि मुलीच्या बोलण्यात नुसती चौकट.

बोलीचे कपडे

आता जपानी सिनेमा आणि मांगा या बोलीचं काय करतात ते पाहू. माझी खरी तक्रार इथे आहे.

तुम्ही ॲनिमे पाहत असाल तर 'तोरु' तुम्ही शेकडो वेळा ऐकलंय, फक्त बोली म्हणून ऐकलेलं नाही. पांढऱ्या मिशांचा शास्त्रज्ञ, डोंगरावरचा गुरू, गावचा खोडकर म्हातारा, हे सगळे 'शित्तोरु', 'ओरु', 'ज्या' असं बोलतात. 'डिटेक्टिव्ह कोनान'मधले आगासा हाकासे आठवा. भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात अशा भाषेला 'याकुवारिगो' म्हटलं, म्हणजे भूमिकेची भाषा. खऱ्या आयुष्यात शास्त्रज्ञ असं बोलत नाहीत. किन्सुइ याचं मूळ एदो काळात शोधतात: टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा तिथले वयस्क वैद्य आणि पंडित पश्चिमेकडची प्रतिष्ठित भाषा बोलत, तरुणांची भाषा बदलली, नाटकातल्या म्हाताऱ्यांची तीच राहिली. पुढे ती मांगात आली. म्हणजे पश्चिमेतली जिवंत रूपं पूर्वेत दाढीमिशीसारखी वेशभूषा झाली.

हिरोशिमाच्या बोलीच्या वाट्याला आणखी एक वेश आला. 1973 मध्ये फुकासाकु किंजी यांचा 'जिंगी नाकी ताताकाई' आला. युद्धानंतरच्या कुरे या नौदलाच्या बंदरातल्या टोळीयुद्धाची ती गोष्ट. सिनेमा जबरदस्त आहे, पण त्यानंतर हिरोशिमाकडची बोली म्हणजे याकुझाची बोली, हे समीकरण देशभर घट्ट झालं. मग 2016 मध्ये काताबुची सुनाओ यांचा 'कोनो सेकाई नो कातासुमि नि' आला. कोनो फुमियो यांच्या 2007 ते 2009 दरम्यान आलेल्या मांगावर तो बेतला आहे, आणि तोही कुरे बंदरातच घडतो. गाव तेच, बोली तीच. पण या वेळी ती सुझु नावाच्या एका स्वप्नाळू मुलीच्या तोंडी आहे. हिरोशिमातून लग्न होऊन ती 1944 च्या सुरुवातीला कुरेला येते. चित्रं काढते, रानभाजी शिजवते, किमोनो फाडून विजारी शिवते. सिनेमाच्या मोठ्या भागात याहून जास्त काही घडत नाही. कामं चालू असतात आणि युद्ध कडेकडेने आत येत राहतं.

आमच्या पुण्याच्या सिनेमावेड्या ग्रुपने तो पाहिला तेव्हा सगळ्यांना बोली 'गोड' वाटली. मीही तेच म्हणालो होतो. आता मला त्या शब्दाची लाज वाटते. गोड, खमकी, रांगडी, मिठ्ठास: बोलीला आपण कायम चवीची विशेषणं देतो, जणू ती फोडणी आहे आणि भाजी प्रमाण भाषेत आधीच शिजलीय. सुझुच्या बोलीतली 'तोरु'ची रूपं चवीला घातलेली नाहीत. चालू काय आणि उरलेलं काय, हे वेगळं पाहण्याची सवय या बोलीच्या व्याकरणात आहे, आणि सिनेमाही आपल्याला तीच सवय लावतो.

जून 1945 मधला प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. सुझु आपल्या लहान भाचीचा, हारुमीचा हात धरून रस्त्याने चाललीय. हवाई हल्ला संपलाय. बाजूला एक बॉम्ब पडलेला आहे, उशिरा फुटणारा. पडण्याची क्रिया संपलीय, फुटण्याची उंबरठ्यावर आहे. आपण प्रेक्षक त्या दोहोंच्या मधल्या फटीत काही क्षण चालतो. त्यानंतर हारुमी नसते आणि सुझुचा उजवा हात नसतो. पुढे ती त्या हाताची आठवण काढते ती महिन्यामहिन्याने: कुठल्या महिन्यात तो हात काय करत होता. हाताचं नसणं ही झालेली गोष्ट आहे. तिच्या मनात तो अजून काम करतोय. आणि 15 ऑगस्टला रेडिओवर सम्राटाचा आवाज येतो, साध्या माणसाला धड न कळणाऱ्या दरबारी भाषेत, की हे संपलं. सुझु उठून बाहेर जाते आणि शेतात रडते. वरून आलेल्या भाषेत गोष्ट पूर्ण झालेली असते. तिच्या घरात ती चालूच असते.

हा प्रसंग व्याकरणाच्या रूपांवर उभा आहे असं मला म्हणायचं नाही. टोकियोच्या भाषेतही तो तितकाच जिव्हारी लागला असता. माझं म्हणणं एवढंच, की ज्या बोलीत 'पडतोय' आणि 'पडलाय' यांत कधी घोटाळा होत नाही, तिला 'गोड' म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. मी तो केला.

संदिग्ध कोण?

मी पाहिलेल्या इंग्रजी सबटायटल्समध्ये सुझु साधं सपाट इंग्रजी बोलते. यावर तक्रार करणं सोपं आहे, पण भाषांतरकाराची अडचण खरी आहे. दोन ओळींत मावायचंय. आणि बोलीला बोली लावायची तर कुठली? समजा मराठी सबटायटल्स असती आणि सुझुला मालवणी किंवा अहिराणी दिली असती, तर कुरे बंदर क्षणात सिंधुदुर्गात किंवा धुळ्यात आलं असतं. वर आपल्या सिनेमा-मालिकांनी बोलीला नोकर आणि विनोदवीर यांच्या कामाला इतकं जुंपलंय, की लोक चुकीच्या जागी हसले असते.

शिवाय अर्थाच्या दृष्टीने काही हरवतही नाही. इंग्रजीत आणि मराठीत हा फरक आहेच. 'चित्ते इरु'चं भाषांतर करताना मला थांबून ठरवावं लागतं, गळतायत की गळल्यायत? 'चिरियोरु' असेल तर उत्तर हातात असतं. बोली भाषांतरकाराचं काम सोपं करते.

हरवतं ते वेगळंच. हा नेमकेपणा मूळ बोलणाऱ्याचा होता, हे प्रेक्षकाला कळत नाही. म्हणून तो एक जुना समज घेऊन घरी जातो: जपानी भाषा मोघम असते, सगळं अर्धवट सांगते, बाकी ओळखायचं. आमच्या ऑफिसात कल्चर ट्रेनिंगच्या दर सत्रात हे वाक्य येतं, सोबत नम्रतेची आणि शांततेची एकेक स्लाइड असते. पण निदान या एका बाबतीत मोघमपणा जपानी भाषेचा नाही, टोकियोच्या एका रूपाचा आहे. आणि टोकियोची भाषा जपानी झाली ती कोणीतरी ठरवलं म्हणून. 1902 मध्ये सरकारने राष्ट्रभाषेसाठी समिती नेमली, 1904 पासून सरकारी पाठ्यपुस्तकं टोकियोच्या सुशिक्षित वर्गाच्या भाषेवर बेतून शाळाशाळांत गेली. ओकिनावात तर शाळेत स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'होगेन-फुदा' नावाची पाटी अडकवत. निवड करताना कोणी 'कुठल्या भाषेत चालू आणि पूर्ण नीट वेगळं सांगता येतं?' असं विचारलं नव्हतं. राजधानी कुठे आहे, एवढंच पाहिलं. देशाला एक सामायिक भाषा लागते, हे मान्य. रिलीजच्या रात्री तर नक्कीच लागते. पण सामायिक आणि सरस हे दोन शब्द आपण सारखे वापरतो, तिथे गडबड होते.

करून राहिलो

आता माझ्याबद्दल. मी अमरावतीचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर कोणीतरी विचारलं, काय करतोयस? मी म्हणालो, "अभ्यास करून राहिलो." खोलीत जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. पुढचे चार महिने माझं नाव 'करून राहिला' होतं. हे मराठी नाहीच, हिंदी आहे, असं एकाने समजावूनही सांगितलं. मी मनावर घेतलं. सहा महिन्यांत मी 'करतोय' म्हणायला लागलो, आणि वर्षभराने दुसऱ्या एका वऱ्हाडी पोराला हसलो.

'शितोरु' पहिल्यांदा उकलून पाहिलं, तेव्हा मी वहीवर दोन ओळी लिहिल्या. शिते अधिक ओरु. करून अधिक राहणे. सांगाडा तोच: आधीच्या क्रियेचं '-ऊन' आणि पुढे 'असणे-राहणे'चं क्रियापद. प्रमाण मराठीतही तो आहे. 'ठाण मांडून आहे', 'दबा धरून आहे' म्हणतो तेव्हा आपण अगदी 'तोरु'सारखी उरलेली अवस्था सांगतो. वऱ्हाडीने त्याच साच्यात 'राहणे' घालून चालू काम सांगितलं. 'पाऊस पडून राहिला' म्हणजे पडतोय, आणि पडतच राहिलाय. सुट्टे भाग सारखे, यंत्रं वेगळी. यातलं एक बरोबर आणि दुसरं हास्यास्पद कसं ठरलं, याचं उत्तर व्याकरणात नाही.

मार्च अखेरीस कामासाठी फुकुओकाला गेलो होतो. शेवटच्या शनिवारी सेन्पाई आणि टीमबरोबर माइझुरु पार्कात, जुन्या किल्ल्याच्या अवशेषांपाशी साकुरा पाहायला गेलो. वारा सुटला होता. मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "चित्ते इमासु ने." सेन्पाईंनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि विचारलं, कुठल्या?

मी वर बोट दाखवलं. "चिरियोऽ," त्या म्हणाल्या. मग चटईवर, डब्यांच्या झाकणांवर, माझ्या बुटांवर पडलेल्यांकडे बोट दाखवून, "चित्तोऽ."

तेवढ्यात आईचा फोन आला. काय करून राहिला रे, तिने विचारलं. आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं, पण ते कारण नव्हतं. फुलं पाहून राहिलो, मी म्हणालो.